मदरबोर्डावरचे घड्याळ

जालना जिल्ह्यात कागदावर किंवा पडद्यावर उमटणारी वेळ दोन ठिकाणांहून येते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, जन्माचा दाखला किंवा मालवाहतुकीचे ई-वे बिल यांवरची वेळ दूरच्या सर्व्हरवर ठरते आणि तीत गावातल्या संगणकाला काही बदल करता येत नाही. भुईकाट्याची पावती, सीसीटीव्हीच्या चित्राच्या कोपऱ्यातले आकडे आणि कचेरीतल्या हजेरीयंत्राची नोंद यांचे मात्र तसे नाही, कारण यांतली वेळ बहुधा त्या त्या यंत्राच्या पोटातल्या घड्याळावरून उचलली जाते आणि ते घड्याळ चुकले तर चूक तशीच्या तशी नोंदीत उतरते. हा दुसऱ्या प्रकारचा व्यवहार जालन्यात मोठा आहे. भंगार वितळवून सळया तयार करणारे पोलाद कारखाने, कापसाच्या जिनिंग, बियाण्यांची गोदामे, मोसंबीचा आणि भुसाराचा बाजार या सगळ्यांच्या दाराशी वजनकाटा असतो, आणि काट्याशेजारच्या खोलीतला डेस्कटॉप संगणक हा पुष्कळदा इतर कामांतून निवृत्त झालेला, इंटरनेटशी न जोडलेला आणि धुळीत चालणारा असतो.

काट्यावर ट्रकचे वजन दोनदा होते, एकदा भरलेल्या गाडीचे आणि माल उतरल्यावर रिकाम्या गाडीचे. दोन्ही वजनांपुढे तारीख आणि वेळ छापली जाते व त्यांच्या वजाबाकीतून निव्वळ वजन निघते. या दोन वजनांच्या मध्ये लाईट गेली, यूपीएसने दम तोडला आणि संगणकाचे घड्याळ धड नसले, तर दुसऱ्या वजनाची वेळ पहिल्याच्या आधीची पडते किंवा थेट काही वर्षांमागची तारीख उमटते, आणि तारखेनुसार लावलेल्या नोंदींत ती पावती अशा जागी जाऊन बसते की वर्षअखेरीस हिशेब जुळवणाऱ्याला ती सापडत नाही. माल तोच आणि वजनही खरे असूनही कागद मात्र वादात सापडतो. डेस्कटॉपचे मागे पडणारे घड्याळ हा म्हणूनच किरकोळ बिघाड मानून सोडून देण्याचा विषय नाही.

घड्याळाच्या इतिहासात फार खोल जाण्याचे कारण नाही. जालन्याच्या डोक्यावर सूर्य सरासरीने दुपारी १२ वाजून सुमारे २६ मिनिटांनी येतो, कारण शहराचे रेखांश ७५.९ अंशांच्या आसपास आहे आणि भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बांधलेली आहे. ही प्रमाणवेळ १९०६ पासून लागू झाली. त्यापूर्वी भारतीय रेल्वे मद्रासची वेळ पाळत असे आणि मुंबई आपली स्वतंत्र वेळ सांभाळून होती. प्रमाणवेळेहून ३९ मिनिटे मागे असलेली ती मुंबईची वेळ पुढेही कित्येक दशके टिकली. संगणकाकडे मुळात घड्याळच नव्हते. आयबीएमने १९८१ मध्ये आणलेल्या वैयक्तिक संगणकात बॅटरीवर चालणारे घड्याळ नसल्यामुळे यंत्र सुरू केले की ते वापरणाऱ्यालाच तारीख आणि वेळ विचारत असे. १९८४ च्या एटी या प्रतिमानात मोटोरोला कंपनीची एक चिप आली, जिच्यात ६४ बाइटांची स्मृती होती; त्यांपैकी १४ बाइट घड्याळासाठी व त्याच्या नियंत्रणासाठी आणि उरलेल्या ५० यंत्राच्या मांडणीची माहिती साठवण्यासाठी होत्या. आज ही चिप वेगळी दिसत नाही, ती मदरबोर्डावरच्या मोठ्या चिपसेटमध्ये सामावली आहे. पण तिची रचना, तिचा स्वभाव आणि बॅटरीवरचे तिचे अवलंबित्व बऱ्याच अंशी तेच राहिले आहे. तिला रिअल टाइम क्लॉक, म्हणजे यंत्र बंद असतानाही खरी वेळ मोजत राहणारे घड्याळ, असे म्हणतात.

या घड्याळाचा जीव एका बारीक नळकांड्यात असतो. मदरबोर्डावर, बहुधा बटन सेलच्या जवळपास, सहा ते आठ मिलिमीटर लांबीची, दोन-तीन मिलिमीटर जाडीची चकचकीत धातूची नळी आडवी चिकटवलेली दिसते. नव्या बोर्डांवर तिची जागा याहून चपट्या डबीने घेतली आहे. तिच्या आत हवा काढून टाकलेल्या पोकळीत क्वार्ट्झचा, म्हणजे आपल्याकडे जिला गारगोटी म्हणतात त्या खनिजाचा, दोन पात्यांचा स्वरकाटा असतो. दख्खनच्या काळ्या खडकातील पोकळ्यांत गारगोटीचे स्फटिक निसर्गतः सापडतात, परंतु घड्याळासाठी लागणारा स्फटिक निर्दोष हवा असल्याने तो कारखान्यात प्रचंड दाबाखाली वाढवला जातो. क्वार्ट्झवर दाब दिला की त्याच्या पृष्ठभागावर विद्युतभार निर्माण होतो, आणि उलट त्याला विद्युतदाब दिला की तो किंचित वाकतो. हा गुणधर्म पिएर आणि जाक क्युरी या भावंडांच्या १८८० च्या सुमाराच्या संशोधनातून पुढे आला. स्वरकाट्याला विजेचा बारीकसा धक्का देत राहिले की त्याची पाती स्वतःच्या आकारमानाने ठरलेल्या गतीने थरथरत राहतात, आणि पाती घडवतानाच ती इतक्या काटेकोरपणे तासली जातात की ही गती सेकंदाला ३२,७६८ कंपने एवढी येते.

हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे. ३२,७६८ ला दोनाने भागत गेले तर पंधराव्या भागाकारानंतर बरोबर एक उरतो. दोनाने भागणारे मंडल हे इलेक्ट्रॉनिक्समधले अगदी सोपे मंडल असल्यामुळे अशी पंधरा मंडले एकामागे एक जोडली की शेवटच्या टोकाला सेकंदाला नेमका एक ठोका मिळतो, आणि तो ठोका सेकंदाच्या खान्यात एकाने भर घालतो. साठ झाले की मिनिटाचा खाना वाढतो, आणि असेच पुढे वर्षापर्यंत. याहून कमी कंपनांचा स्फटिक आकाराने मोठा झाला असता आणि जास्त कंपनांच्या मंडलाला वीज अधिक लागली असती. मनगटावरचे क्वार्ट्झ घड्याळ आणि संगणकातले घड्याळ एकाच आकड्यावर येऊन थांबले ते यामुळे. पंधरा वर्षे चालवलेल्या, पंखा घरघरणाऱ्या आणि दोनदा हार्ड डिस्क बदललेल्या संगणकातही ही दोन पाती आपले काम तितक्याच निष्ठेने करत असतात, आणि मानवी कारागिरीच्या ज्या थोड्या वस्तूंबद्दल निःसंकोच आदर वाटावा त्यांत या नळकांड्याची गणना करायला हवी.

स्फटिकाला उणिवाही आहेत. तो सुमारे २५ अंश सेल्सिअसला सर्वांत बरोबर चालतो आणि तापमान त्याहून वर गेले काय किंवा खाली गेले काय, दोन्ही वेळा तो मंदावतोच. फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात, दर वर्ग अंशाला दहा लक्षांत सुमारे ०.०३४ भाग एवढा. जालन्याच्या मे महिन्यात खोलीचे तापमान ४२ अंश असेल तर हिशेबाने दिवसाला सेकंदाहून थोडे कमी, आणि बंदिस्त कॅबिनेटच्या आत, ज्याला बोलताना सगळे सीपीयूच म्हणतात, पारा ५० वर गेला तर दिवसाला पावणेदोन सेकंदांच्या आसपास घड्याळ मागे पडेल. स्फटिक घडवतानाची मूळ चूक यात मिळवावी लागते. इंटेलने आपल्या डेस्कटॉप बोर्डांच्या पुस्तिकांत २५ अंशांना वर्षाकाठी १३ मिनिटांपर्यंतचा फरक गृहीत धरला होता, म्हणजे दिवसाला दोन सेकंदांच्या आतबाहेर. या आकड्यांतून मिळणारा निष्कर्ष दुरुस्ती करणाऱ्याने मनाशी पक्का धरावा असा आहे: महिन्याला मिनिट-दोन मिनिटांनी मागे पडणारे घड्याळ बिघडलेले नसते आणि सेल बदलून ते सुधारणार नाही, तर दिवसाला पाच-दहा मिनिटे किंवा रात्रीतून काही तास मागे पडणाऱ्या घड्याळाचा दोष उन्हाळ्याच्या माथी मारता येत नाही.

मग दोष कुठे असतो, हे शोधण्याआधी एका संगणकात घड्याळे दोन असतात हे ध्यानात घ्यावे लागते. बॅटरीवरचे घड्याळ हे पहिले. विंडोज किंवा लिनक्स यांसारखी कार्यप्रणाली यंत्र सुरू होताना त्याच्याकडून एकदा वेळ विचारून घेते आणि त्यानंतर पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारी वेळ ती स्वतःच्या हिशेबाने, वेगळ्या टायमरच्या ठोक्यांवरून मोजते. म्हणून पहिला प्रश्न वेळ कधी हरवते हा आहे. रात्री यंत्र बंद करताना पडद्यावरची वेळ मोबाइलशी जुळवून पाहावी आणि सकाळी सुरू केल्याबरोबर बायोसच्या, म्हणजे कार्यप्रणालीच्या आधी उघडणाऱ्या मूळ मांडणीच्या, पडद्यावर जाऊन पुन्हा पाहावी. ही वेळ मागे असेल तर दोष बॅटरीच्या घड्याळाचा आहे. उलट सकाळी वेळ बरोबर असून दुपारपर्यंत ती मागे पडत असेल आणि यंत्र बंद करून चालू केले की आपोआप सुधारत असेल, तर सेल निर्दोष आहे आणि कार्यप्रणालीचे ठोके चुकत आहेत. जुन्या यंत्रांत हार्ड डिस्क सावकाशीच्या पीआयओ पद्धतीवर घसरली किंवा एखाद्या जोडकार्डाचा ड्रायव्हर प्रोसेसरला फार वेळ अडवून धरू लागला तर टायमरचे काही ठोके मोजायचे राहून जातात. अशा वेळी ड्रायव्हर, डिस्कची केबल आणि विषाणूने व्यापलेला प्रोसेसर यांच्याकडे वळावे लागते. हे दोन निदानप्रकार वेगळे न केल्यामुळे कित्येक संगणकांत चांगला सेल काढून दुसरा चांगला सेल घातला जातो आणि तक्रार जिथल्या तिथे राहते.

फरकाचा आकडाही बोलका असतो. यंत्र चौदा तास बंद होते आणि घड्याळ बरोबर चौदा तास मागे आहे, तर स्फटिकाची थरथर त्या काळात थांबली होती आणि मुख्य वीज आल्यावर पुन्हा सुरू झाली, असे समजावे. सेल निकामी होण्याच्या सीमेवर असल्याची ही खूण आहे. सेल अशक्त झाला की घड्याळ हळू चालते ही समजूत सर्वत्र आढळते, परंतु स्फटिकाची गती विद्युतदाबावर फारच थोडी अवलंबून असते. दाब पुरेसा असेतो ते चालते, अपुरा झाला की थांबते, आणि अशा थांबण्या-चालण्याची बेरीज वापरणाऱ्याला संथपणा वाटते. तारीख एखाद्या जुन्या वर्षाच्या १ जानेवारीवर गेली आणि काळ्या पडद्यावर सीमॉस चेकसम एररची ओळ येऊन एफ१ दाबण्याची सूचना दिसू लागली, तर सेल पुरता संपला आहे आणि चिपच्या स्मृतीतली मांडणीही पुसली गेली आहे. फरक नेमका साडेपाच तासांचा असेल तर सेलला हातही लावू नये. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर विंडोज बॅटरीच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहिते आणि लिनक्स बहुधा ग्रिनिचची जागतिक वेळ लिहिते, त्यामुळे एकातून दुसऱ्यात गेले की भारतीय प्रमाणवेळेचा साडेपाच तासांचा फरक उघडा पडतो. साडेबारा किंवा साडेतेरा तासांचा फरक दिसला तर कालविभाग अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा राहून गेलेला असतो. विंडोज नव्याने टाकताना ही चूक सर्रास होते.

सेलचा विचार करताना जालन्यासारख्या जिल्ह्याची एक सवय समोर येते. बाजारात सीमॉस सेल म्हणून मागितला जाणारा हा सीआर २०३२ सेल तीन व्होल्टचा, २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा असतो. त्याच्या नावातले आकडे हेच माप सांगतात. त्याची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास असते आणि घड्याळाला काही मायक्रोअँपिअर, म्हणजे अँपिअरच्या दशलक्षांश भागांत मोजावा एवढाच प्रवाह लागतो. यंत्र बंद असले तरी भिंतीवरचे बटण चालू असेल तर संगणकाचा वीजपुरवठा पाच व्होल्टची राखीव धार सोडत राहतो आणि घड्याळ त्या धारेवर चालते, सेल जवळजवळ खर्च होत नाही. पण दिवसभराचे काम संपल्यावर भिंतीवरचे हे बटण बंद करण्याची आपली रीत आहे, आणि वीज वाचवण्याच्या व विजांच्या कडकडाटात यंत्र जपण्याच्या दृष्टीने ती योग्यही आहे. तिच्यामुळे संध्याकाळपासून सकाळपर्यंत, सुट्टीत अहोरात्र आणि भारनियमनाच्या प्रत्येक तासाला घड्याळाचा सगळा भार सेलवर येतो. यंत्र विजेला जोडलेले नसेल तर सेल सुमारे तीन वर्षे चालतो असा अंदाज इंटेलने दिला होता. ग्रामपंचायतींमध्ये २०११ नंतर संग्राम प्रकल्पातून संगणक आले, शाळांना संगणककक्ष मिळाले, आणि या यंत्रांतले कित्येक सेल मूळ खरेदीनंतर कधी बदललेच गेले नसतील असे मानायला जागा आहे.

सेल बदलणे हे पाच मिनिटांचे काम म्हणून सांगितले जाते. तसे ते कधीकधी असतेही, पण अडचणी इथूनच सुरू होतात. खोक्यातून काढलेला सेल मल्टिमीटरवर तीन व्होल्ट दाखवतो आणि तरीही बोर्डावर बसवल्यावर, घड्याळाचा भार पडताच, त्याचा दाब कोसळतो. म्हणून तपासणी सेल जागेवर असताना, मुख्य वीज काढून करायला हवी आणि आकडा २.८ च्या खाली दिसला तर सेल बदलावा. सुटे विकले जाणारे सेल किती काळ पडून आहेत हे कळत नाही, तेव्हा उत्पादनाची तारीख छापलेल्या सीलबंद पाकिटातलाच घ्यावा. सीआर २०२५ हा व्यासाने तेवढाच परंतु जाडीने २.५ मिलिमीटर असलेला सेल पुष्कळदा चालवून घेतला जातो. तो बसतो खरा, पण साच्याच्या पट्टीशी त्याचा संपर्क सैल राहतो आणि टेबलाला धक्का लागला तरी घड्याळ अडते. साच्याची पट्टीही वर्षानुवर्षांच्या दाबाने वाकलेली किंवा गंजलेली असते. अशा यंत्रात सेल तीनदा बदलूनही उपयोग होत नाही, कारण दोष पट्टीचा असतो.

त्याहून चिवट दोष धुळीचा आहे. स्फटिकाचे मंडल एवढ्या क्षीण विजेवर चालते की त्याच्या दोन टोकांमधली मळाची पातळ साय आणि पावसाळ्यातला ओलावा यांची गाठ पडली तरी वीज त्या वाटेने झिरपते आणि कंपने अडखळतात किंवा थांबतात. पोलाद कारखान्याच्या परिसरातल्या धुळीत लोखंडाचे कण असतात, जिनिंगमध्ये कापसाचे तंतू उडतात. हे सगळे पंख्याच्या ओढीने बोर्डावर येऊन बसते. उन्हाळ्यात बिनतक्रार चालणारे घड्याळ जुलैमध्ये मागे पडू लागले तर नवा सेल आणण्याआधी नळकांडे, त्याच्या शेजारचे दोन चिमुकले कपॅसिटर आणि सेलचा साचा हा भाग मऊ ब्रशने व आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून पूर्ण वाळू द्यावा. फुंकर मारून धूळ काढण्याची सवय इथे नडते, कारण तोंडातला ओलावा नेमका नको तिथे पोहोचतो.

सेल काढल्याने चिपमधली मांडणी पुसली जाते आणि ती पुसली गेल्यावर हार्ड डिस्कशी बोलण्याची पद्धत, आयडीई की एएचसीआय, कारखान्याच्या मूळ स्थितीला जाते. विंडोज ज्या पद्धतीवर टाकलेली होती ती नसली तर यंत्र निळा पडदा दाखवून थांबते आणि घड्याळ दुरुस्त करायला आलेल्या माणसावर संगणक बिघडवल्याचा ठपका येतो. काम सुरू करण्यापूर्वी बायोसच्या प्रत्येक पानाचे मोबाइलवर छायाचित्र घेणे हा यावरचा साधा आणि पुरेसा उपाय आहे. फार जुन्या काही बोर्डांवर सेल चिपच्या काळ्या ठोकळ्यात कायमचा बंद असे, किंवा निकेल-कॅडमिअमची पिंपाच्या आकाराची बॅटरी डाखलेली असे, जी गळून आसपासचे तांब्याचे मार्ग खाऊन टाकत असे; तसे यंत्र अजून चालत असेल तर त्यावरची माहिती आधी दुसरीकडे उतरवून घ्यावी, घड्याळाचे मग पाहता येईल.

इंटरनेट असले की ही सगळी यातायात संपते, असा विश्वास बळावला आहे आणि तो अर्धाच खरा आहे. डेलावेअर विद्यापीठाचे डेव्हिड मिल्स यांनी १९८५ पासून आकाराला आणलेल्या नेटवर्क टाइम प्रोटोकॉल या पद्धतीने संगणक दूरच्या अचूक घड्याळाला वेळ विचारतो आणि प्रश्नोत्तराला लागलेला वेळ वजा करून आपले घड्याळ जुळवतो; भारताची प्रमाणवेळ सांभाळणारी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र असे सर्व्हर चालवतात, आणि सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सेवादाते, कंपन्या आणि शासकीय संस्था यांना आपली यंत्रे याच सर्व्हरांशी किंवा त्यांच्याशी जुळणाऱ्या स्रोतांशी बांधून ठेवायला सांगितले आहे. पण सुट्या संगणकावरच्या विंडोजची मूळ मांडणी अशी आहे की फरक पंधरा तासांहून अधिक असला तर ही सेवा दुरुस्तीच नाकारते. सेल संपून तारीख दहा वर्षे मागे गेलेल्या यंत्राला सर्वाधिक गरज असते तेव्हाच मदत मिळत नाही. शिवाय सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ठरावीक मुदतीची असतात, त्यामुळे मागच्या तारखेत अडकलेल्या संगणकाला आजचे प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले नाही असे वाटते आणि शासकीय पोर्टल उघडत नाही. डिजिटल स्वाक्षरीचे टोकनही याच कारणाने अडते. आपले सरकार सेवा केंद्रासमोर दाखल्यासाठी उभ्या असलेल्या माणसाला साइट बंद आहे असे सांगितले जाते तेव्हा ती साइट चालू असून समोरच्या यंत्राची तारीखच चुकलेली असण्याची शक्यता खरी आहे. तारीख हाताने बरोबर लावली की अडथळा दूर होतो, आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवरचे बटण चालू केले की तो पुन्हा उभा राहतो.

सीसीटीव्हीच्या डीव्हीआर पेटीतही बहुधा असाच सेल आणि असाच स्फटिक असतो, आणि तिथे चूक अधिक महाग पडते. भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला असून इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र देण्याची तरतूद त्याच्या कलम ६३ मध्ये आहे. परंतु प्रमाणपत्र जोडले म्हणून चित्रावरची चुकलेली वेळ बरोबर होत नाही. पेटीची वेळ आणि खरी वेळ यांतला फरक चित्रण उतरवून घेतानाच लिहून ठेवला नाही, तर एखादी व्यक्ती त्या क्षणी तिथे होती की नव्हती हा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहू शकतो.

काढलेला जुना सेल लहान मुलाच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावा. या आकाराचा सेल गिळला गेल्यास अन्ननलिकेत अडकून दोन तासांच्या आत गंभीर भाजल्यासारखी इजा करू शकतो, आणि तशी शंका आली तरी मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. भुईकाटा, ग्रामपंचायत, शाळा किंवा दुकान चालवणाऱ्या प्रत्येकाने महिन्याच्या पहिल्या तारखेला संगणकाची वेळ मोबाइलशी ताडून फरक नोंदवहीत लिहावा, दर तीन वर्षांनी सेल न विचारता बदलावा, आणि यंत्र दुरुस्तीला नेताना घड्याळ बंद असताना मागे पडते की चालू असताना, व नेमके कितीने, एवढे एका कागदावर लिहून सोबत द्यावे.